भार आल्यावर आवळायचं

आवाज पहिल्यांदा आला डाव्या पुढच्या चाकातून,
टागोरनगरच्या दुसऱ्या गतिरोधकावर,
कुणी रिकामा डबा घेऊन जिना उतरावा तसा.
पुढे तो रोजचाच झाला.
गाडीचा रेडिओ बंद पडला तेव्हा
आम्ही त्यावरच भागवलं, चार वर्षं.

गॅरेजवाल्याने आकडा सांगितला
आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता वही मिटली.

म्हणून हा रविवार.
कन्नमवार नगर, इमारत एकशे चौदा,
शेवग्याखालचा कोपरा, जिथे फरश्या खचल्यात.
जॅकखाली मोडक्या पाटाची फळी,
दाराच्या पट्टीखाली आडवी सरकवलेली स्टेपनी:
घसरलीच गाडी तर ती चेपेल, मी नाही.
कुर्ल्याहून आणलेले लोअर आर्म, लिंक रॉड, बुशांची जोडी
वर्तमानपत्रावर ओळीने मांडली,
तर पहिल्या मजल्यावरून टिल्लूबाई विचारतात,
कसली पूजा हो?

मी क्ष-किरण विभागात असतो.
दिवसाला पन्नास-साठ गुडघे बघतो,
हाडाहाडांमधली फट बुजत आलेली,
आणि सगळ्यांना एकच सांगतो: हलू नका.
आज मी उताणा, विजेरी दातांत,
पाठीत कुणाच्या तरी पतंगाची काडी,
आणि नाकासमोर ते रबर,
शिळ्या भाकरीसारखं कडेने तडकलेलं.
याचा फोटो काढायची गरज नव्हती.

चौदाचा पाना लावला, त्यावर नळाचा पाइप चढवला,
लोंबकळलो.
लिंक रॉडचा नट फिरायला लागला.
अर्धा तास फिरला.
नट फिरे, त्याच्याबरोबर आतला गोळाही फिरे,
दोघं एकमेकांच्या संगतीने गरागरा,
आणि सुटत काहीच नव्हतं.
बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला
हे ओळखीचं वाटायला हवं होतं.

तेव्हा परेरा आले. गोदीत फिटर होते, आता निवृत्त.
हातात चहा, एकच कप, स्वतःचा.
"समोरून किती मारणार? मागून धर ना त्याला."
मागून धरला. सुटला.
इतका सहज, की मला थोडा रागच आला.

दुपारभर हातोडा, रॉकेल, शिव्या. जुना आर्म निघाला,
नवा बसला, बोल्ट गेला आरपार.
पाइप उचलला तर परेरा म्हणाले, थांब.
"अशी लटकलेली असताना आवळशील,
तर रबर पिळलेलंच राहील आतल्या आत.
बाहेरून कळणार नाही तुला. सहा महिन्यांत फाटेल.
आधी खाली घे. उभी राहू दे तिच्या पायांवर.
भार आला की मग आवळ."
आणि स्वतःच जाऊन पुढच्या सीटवर बसले, कपासकट,
भार म्हणून.
स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाकामागे खांद्यापर्यंत हात घालून
मी शेवटचा जोर लावला.
वरून त्यांचा फुरका ऐकू येत होता.

संध्याकाळी फेरी मारली.
पहिला गतिरोधक. दुसरा. टागोरनगरचा.
काही नाही.
फक्त दाराच्या कप्प्यात एक नाणं किणकिणलं,
किती वर्षं किणकिणत असेल, देव जाणे.

परत आलो तर फाटक बंद.
टेकबहादूर खुर्चीत, मोबाइलवर मान खाली.
रोज मी वळणावर असतानाच
तो उठून कडी काढत असे.
हॉर्न वाजवावा लागला.
"तुमची गाडी आहे समजलंच नाही, साहेब."

तीन मजले चढलो.
रोज दार लोटलेलं असतं, चहाचं आधण ठेवलेलं.
आज लॅच लावलेलं.
हात काळे, म्हणून कोपराने बेल दाबली.
आतून ऋता म्हणाली, कोण?

खिशात एक वॉशर उरलाय.
कुठला, ते अजून कळलेलं नाही.